घडी मोडायला दिलेली साडी

आज सकाळी जांभळांची टोपली आली. बारवीकडून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोतून उतरवलेली, वर पळसाची पानं आणि पानांवरून सुतळी. वॉचमननं ती दारात ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, आलं तुमचं दरवर्षीचं." मी टोपली उचलून थेट स्वयंपाकघरात ओट्याखाली नेऊन ठेवली, कारण बाहेरच्या खोलीत सतरंजीवर साड्या पसरलेल्या होत्या. आमच्या घरात जांभूळ आणि साडी एका खोलीत राहत नाहीत. हा नियम मीच केला आहे आणि तो मोडायचा मोहही सगळ्यांत जास्त मलाच होतो.

बदलापुरात मे महिना सरताना दोन गोष्टी एकदम होतात. जांभळं पिकतात आणि लग्नसराई संपत येते. स्टेशनबाहेर हातगाड्यांवर जांभळांचे ढीग, शेजारी मिठाची पुडी. हॉलबाहेर उरलेसुरले मांडव, घामानं ओले झालेले फेटे, बँडवाल्यांच्या चेहऱ्यावर आता पुरे हा भाव. पोरांच्या जिभा जांभळ्या. नुसतं बसून राहिलं तरी पाठ भिजावी अशी हवा. या दिवसांत मला माझ्या धंद्याचा पहिला हंगाम आठवतो. धंदा म्हटलं की विनायक, म्हणजे माझा नवरा, अजून हसतो. त्याच्या मते धंद्याला शटर पाहिजे. आमच्या धंद्याला कपाटाचं दार आहे, आणि ते करकरतं.

त्या कपाटात एक कप्पा होता. तुमच्याही घरी असेल. देण्याघेण्याच्या साड्यांचा कप्पा. लग्न, बारसं, मुंज, डोहाळजेवण, साठी, काही ना काही निमित्तानं साडी येते. आपण ती चार जणींसमोर मांडीवर घेतो, "छान आहे हं रंग" म्हणतो, आणि घरी आल्यावर घडीसुद्धा न मोडता कप्प्यात सारतो. पुढच्या कार्याला पिशवी बदलून तीच साडी पुढे. अशा साड्या आयुष्यभर घरोघर हिंडतात, पण कुणाच्या अंगाला लागत नाहीत. पथ्य एकच असतं. जिथून आली त्या घरात परत जाता कामा नये. हे लक्षात ठेवण्यात आपल्या बायकांचा हात कुणी धरणार नाही. कुठली पैठणी कुणाच्या मुंजीतली आणि कुठलं कॉटन कुणाच्या बारशातलं, झोपेतून उठवून विचारा. माझं मात्र डोकं म्हणजे चाळणी. मला साडी आठवते, माणूस आठवत नाही.

त्या वर्षी मुलगी शिकायला पुण्याला गेली होती. माझी शाळेतली हंगामी नोकरी संपली होती. विनायक सकाळी अंबरनाथला कारखान्यात जायचा तो संध्याकाळी मोरिवलीच्या कारखान्यांच्या धुरासकट परत यायचा. मधली दुपार इतकी मोठी झाली होती की तिचं काय करावं कळेना. एका दुपारी मी तो कप्पा उपसला. ढीग झाला. त्यातली एक साडी गॅलरीच्या कठड्यावर पसरून फोटो काढला आणि आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकला, "एकदाही न नेसलेली, हवी असल्यास सांगा." चहा उकळेपर्यंत ती गेली. मला वाटलं गंमत झाली. दुसऱ्या दिवशी दुसरी गेली. मग मुलीनं पुण्याहून फोनवर शिकवून मला एक पेज काढून दिलं. नाव मी ठेवलं, कोरी घडी.

मग बिल्डिंगमधल्या बायका यायला लागल्या. दिवेलागणीला, पिशवी पदराआड धरून, जणू काही चोरीचा माल. प्रत्येकीचं पहिलं वाक्य "माझी नाही गं, जाऊबाईंची आहे" आणि दुसरं वाक्य "आमच्या विहीणबाई तुझ्या पेजवर नाहीत ना?" मी सगळ्यांना सांगायचे, नाहीत. मला काय माहीत! शंभर बायका बघतात, त्यांतल्या निम्म्या कुणाच्या ना कुणाच्या विहीणबाई असणारच. पण धंद्यात थोडं छातीठोक बोलावं लागतं. पार्सलच्या पिशव्या आणायला मी उल्हासनगरला जायचे. तिथला पिशव्यांचा दुकानदार मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "दीदी, एक बात याद रखना. माल से दिल नहीं लगाने का. आया, गया, खतम." मला ते फार पटलं. वाटलं, हे तर मला जन्मापासून येतंय.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. कुणाला नेसून काढलेला फोटो हवा, कुणाला शेवटचा भाव, कुणाला रंग जाणार नाही याची शपथ. एकीनं तर साडी घेऊन आठवड्यानं कळवलं की मिस्टरांना आवडली नाही. मी विचारलं, नेसणार कोण आहे? ती परत आली नाही. या सगळ्यांत एक बाई निराळी होती. सुमनताई, बारवी धरणाकडच्या एका पाड्यातली. ती लिहायची नाही, बोलून पाठवायची. मागे कोंबड्यांचा आवाज आणि मध्येच कुणाला तरी ओरडणं. तिला तिच्या लेकीच्या लग्नात नेसायला साडी हवी होती. मी कप्प्याच्या तळातली एक साडी टाकली होती, रामा रंगाची नारायणपेठ, मरून काठाची. त्यावर तिचा आवाज आला, "ताई, ती रामा रंगाची उनात धरा ना जरा. सावलीत समदे रंग गोड दिसत्यात." मी चडफडत गच्चीवर गेले, भर दुपारी साडी उन्हात धरली आणि फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "हीच. दुसऱ्या कुनाला देऊ नका." तिच्या पाड्यापर्यंत कुरिअर जात नव्हतं, म्हणून ती साडी दुधाच्या टेम्पोतून गेली. मी पेजवर त्या फोटोखाली लिहिलं, गेली. आया, गया, खतम.

आता शैलाताईंकडे वळते. शैलाताई म्हणजे विनायकची मोठी बहीण, माझी नणंद. राहतात विठ्ठलवाडीला, एसटी डेपोच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. माझ्या लग्नाआधीच सासूबाई गेल्या होत्या, त्यामुळे नणंद आणि सासू ही दोन्ही खाती त्यांनी एकहाती सांभाळली. विनायकला त्यांनीच वाढवलं. त्यांचं बोलणं तिखट, पण हात मऊ. आजारी पडलं तर पहिल्या रिक्षानं येणार आणि आल्या आल्या म्हणणार, "हे काय घर आहे?" त्यांना माणसं साड्यांवरून आठवतात. "ती गं, तुझ्या बारशाला मोतिया नेसलेली" असं म्हटलं की ती बाई कोण हे घरातल्यांनी ओळखायचं.

त्या वर्षी जून लागताना शैलाताईंच्या मुलीचं, केतकीचं लग्न होतं. लग्नात मामाकडची पिवळी साडी नेसून मुलगी गौरीहरापुढे बसते आणि मामाच तिला बोहल्यावर आणतो. केतकीला एकच मामा, विनायक. तो महिनाभर आधीपासून हवेत होता. पिवळी साडी मी निवडायची ठरलं होतं. ताईंचा रोज फोन यायचा. हॉलवाला, केटरर, रुखवताचे लाडू, सगळ्याचा अहवाल.

एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी केला तर उचलला नाही. मग केतकीचा आला, आवाज बारीक करून. "मामी, लफडा झालाय. मी आईला तुझं पेज दाखवलं. म्हणजे मी कौतुकानं दाखवत होते यार, कसं सॉलिड चाललंय बघ म्हणून. ती रामा कलरची साडी आली ना, आईनं फोनच उलटा ठेवला. मग म्हणाली, विनूला सांग, पिवळी साडी आणायचा त्रास घेऊ नको. मी बाजारातून आणते."

विनायक तेव्हा जेवायला बसला होता. फोन स्पीकरवर होता. त्यानं भात कालवला तो तसाच ठेवला. "साडी मामाची नाही, तर मामा तरी कशाला?" तो म्हणाला. मग हात धुवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसं आहेत, आवाज चढवून बोलायची त्याला सवय आहे, पण त्या दिवशी तो इतका हळू बोलला की मला भीती वाटली. ज्या बहिणीनं त्याला आंघोळी घातल्या, तिच्या मुलीच्या लग्नात तो पाहुण्यासारखा खुर्चीवर बसणार होता. तेही माझ्या कप्प्यामुळे.

मी अंदाज बांधला. साडी ताईंनी दिलेली असणार, मी ती विकली, त्यांना लागलं. चूक माझी. पण एवढं? आहेराच्या साड्या पुढे कोण ढकलत नाही? मला थोडा रागही आला होता. तो राग आणि पिवळी साडी, दोन्ही बरोबर घेऊन मी विठ्ठलवाडीला गेले.

घरात रुखवत मांडलेलं होतं. शंकरपाळ्यांचे डबे, क्रोशाची तोरणं, बाहुला-बाहुली. ताई जमिनीवर बसून खणांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बस. पाणी घे."

मी पिशवी पुढे ठेवली. "ताई, पिवळी आणली आहे."

"ती तिथनं उचल."

"ताई, माझ्या लक्षात नव्हतं ती तुम्ही दिलेली. पण आहेराच्या साड्या आपण सगळ्याच पुढे देतो. तुम्हीसुद्धा देता."

"देते ना. देते मी." त्यांनी खण खाली ठेवला. "ती कधी दिली होती मी तुला?"

मी मनात एकेक कार्य मोजून पाहिलं.

"तुझ्या वास्तुशांतीला. आणि मला ती कुणी दिली होती?"

मी पिशवीचे बंद बोटाभोवती गुंडाळत होते.

"तुझ्या आईनं. तुझ्या लग्नात, नणंदेचा मान म्हणून. म्हणाली होती, शैलाताई, रंग तुमच्यासाठी शोधून आणलाय. आता मला रामा रंग उठत नाही, हे तिला कोण सांगणार? नाही नेसले मी. पण कुणाला दिली पण नाही. किती लग्नं झाली, किती वेळा हात तिच्यावर गेला आणि मी मागे घेतला. मग तुमची वास्तुशांत आली. आई जाऊन तुझी वर्ष झालं होतं. वडील त्याआधीच गेलेले, भाऊ नाही. माहेरचा आहेर करणार कोण? म्हटलं, तिच्या आईची साडी तिला देऊया, म्हणजे माहेरचाच आहेर झाला."

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"होमापुढे बसली होतीस तू. सांगितलं असतं तर रडली असतीस. कार्यात डोळ्याला पाणी नको म्हणून ठेवलं मनात. मग वाटलं, ओळखेल की. आईची निवड आहे, ओळखेल." त्यांनी खणावरची सुरकुती बोटानं साफ केली. "तू तर तिला कठड्यावर टाकून फोटो काढलास."

मला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. ताईंनी पिवळ्या साडीची पिशवी उचलून माझ्या हातात दिली. "ती घरात आण. मग ही घेईन," त्या म्हणाल्या आणि पुन्हा खणाच्या घड्या घालायला लागल्या.

घरी येताना रिक्षात मला आई आठवत राहिली. आम्ही अंबरनाथला राहायचो तेव्हाची. आई कधीही दुकानात बसल्या बसल्या साडी पसंत करायची नाही. पदर हातावर टाकून ती सरळ दुकानाबाहेर फुटपाथवर जायची आणि उन्हात धरून बघायची. आतून दुकानदार ओरडायचा, "वहिनी, अहो वहिनी, बाहेर नका नेऊ!" मला त्या वयात लाज वाटायची. मी दुकानाच्या आतच उभी राहायचे, ही बाई माझी कुणी नाही अशा चेहऱ्यानं. आईला काही वाटायचं नाही. "दिव्यात फसवतात, ऊन फसवत नाही," ती म्हणायची. ती रामा रंगाची साडीही तिनं अशीच कुठल्या तरी फुटपाथवर उभं राहून, उन्हात डोळे बारीक करून पसंत केली असणार. माझ्या लग्नाच्या खरेदीत, माझ्यासाठी सासरी चांगलं माणूस जोडायचं म्हणून. आणि इतक्या वर्षांनी ती पुन्हा उन्हात धरली तेव्हा, धरणारी मी असूनही, मला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं.

सुमनताईंना मी निरोप पाठवला, साडी परत मिळेल का? चाचरत, शब्द जुळवून. त्यांचं उत्तर आलं, "ताई, मी नेसली की ती. लेकीच्या लग्नात. काय झालं, सांगा तरी. घरी या."

रविवारी विनायकनं स्कूटर काढली. बारवीच्या रस्त्याला लागलं की बदलापूरच्या इमारती मागे राहतात आणि एकदम झाडं सुरू होतात. वाटेत एका मोठ्या जांभळीखाली दोन बायका जुनं लुगडं झोळीसारखं ताणून उभ्या होत्या, वर कुणीतरी फांदी हलवत होतं, आणि लुगड्यात टपटप जांभळं पडत होती. विनायकनं स्कूटर थांबवली, बघितलं, पुन्हा चालू केली. काय मागायला चाललोय याची दोघांनाही लाज होती. विकलेली वस्तू परत मागायला जाणारा दुकानदार मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

सुमनताईंच्या अंगणात लग्नाचा मांडव अजून होता. आंब्याचे डहाळे वाळून खडखडत होते. पन्नाशीची, काटक बाई. पाणी दिलं, गूळ दिला, मग ट्रंकेतून साडी आणली. तिला आता दुकानातली घडी नव्हती, हातानं घातलेली घरातली घडी होती. चुलीच्या धुराचा वास येत होता. पदराच्या टोकाला जांभळाचा एक डाग होता, बोटाच्या पेराएवढा.

"लेकीला वाटं लावताना कुनाचं तरी पोर कडंवर घेतलं, त्याच्या हातात जांबूळ," त्या म्हणाल्या. मग फोनवरचा फोटो दाखवला. मांडवाखाली उभ्या आहेत, ऊन तिरकं येतंय, आणि ती साडी काय दिसत होती! खरं सांगते, मी विकलेल्या साडीपेक्षा ती वेगळीच होती. त्यांच्या सावळ्या रंगावर रामा रंग असा उठला होता की माझ्याच तोंडून "वा" निघून गेलं.

"माज्या लग्नाची साडी सासऱ्यानं आनली," सुमनताई सांगत होत्या. "त्यानंतर जी आली ती समदी आहेराची. दुसऱ्याच्या आवडीची. ही येकच मी निवडली. तुमाला उनात उबं केलं, तुमी कावल्या असाल माज्यावर."

मग मी सांगितलं. आईचं, ताईंचं, वास्तुशांतीचं, केतकीच्या लग्नाचं. विनायक मान खाली घालून बसला होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी साडीवरून एकदा हात फिरवला आणि ती माझ्या मांडीवर ठेवली.

"आईची हाय तर न्या. घडी मोडाया दिली व्हती तुमी मला, असं समजन मी."

आपल्याकडे ही रीत आहे. नवी साडी आपण स्वतः आधी नेसत नाही. बहिणीला, मैत्रिणीला, जिवाभावाच्या कुणाला तरी देतो. "घडी मोडून दे," म्हणतो. ती नेसते, मिरवते, परत देते, आणि मग ती साडी आपल्याला लाभते असं मानतात. पण कुणी आपल्या हातानं निवडलेली, एकुलती एक साडी परत देऊन वर ही रीत पुढे करेल, हे मला सुचलंही नसतं. मी पर्स उघडली तर त्या रागावल्या. तिथं त्या अंगणात मला रडू आलं. आई गेल्यावर जे नीट रडायचं राहिलं होतं तेच ते असावं. सुमनताई पदरानं माझं तोंड पुसून म्हणाल्या, "चा ठेवते."

चहा पिताना माझं ठरलं. मी म्हटलं, "सुमनताई, केतकीच्या लग्नापुरती नेते. मग परत आणून देते. ही तुमची आहे."

"तुमच्या ननंदबाई काय म्हनतील?"

"ते मी बघते," मी म्हणाले, पण बघायचं कसं ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती साडी नेसून मी विठ्ठलवाडीला गेले. ब्लाउज जुळत नव्हता, धुराचा वास येत होता आणि मला तर रामा रंग ताईंपेक्षाही कमी उठतो. दार ताईंनी उघडलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. मग पुढे येऊन पदर हातात घेतला आणि त्यांचं बोट बरोबर त्या डागावर गेलं.

"हे काय?"

"जांभळाचा डाग आहे. जिनं घेतली तिच्या लेकीच्या लग्नात पडला."

"म्हणजे नेसली तिनं?"

"नेसली. तिनं स्वतः निवडलेली ही एकच साडी आहे, ताई. ती मला परत देत होती, मी घेतली नाही. तुम्हाला दाखवायला आणली आहे. लग्न झालं की परत देणार आहे. शब्द दिलाय मी." मग मी फोनवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

ताईंनी चष्मा लावून फोटो बघितला. खाली डेपोत कंडक्टर कुणावर तरी ओरडत होता.

"उठून दिसतेय गं हिला," त्या म्हणाल्या. "तुझी आई बघायला हवी होती." मग खुर्चीवर बसल्या. "मी सांभाळली, तू सांभाळली. सांभाळून काय केलं आपण? ही बया एकदाच नेसली आणि साडीचं सोनं केलं."

मी उभीच होते. अट त्यांनी घातली होती, आणि मी ती अर्धीच पाळली होती.

"घरात आण म्हटलं होतं मी," ताई म्हणाल्या. "आणलीस. पुढे कुठं जाईल ते काही मी बोलले नव्हते." आणि हात पुढे केला. "बघू ती पिवळी."

मी पिशवी दिली. त्यांनी साडी बाहेर काढली, पदर हातावर टाकला आणि सरळ गॅलरीत गेल्या. कठड्याशी उभं राहून ती उन्हात धरली, डोळे बारीक केले.

"दिव्यात फसवतात," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुझ्या आईनं शिकवलं मला हे. तुझ्या लग्नाच्या खरेदीला."

केतकी त्या पिवळ्या साडीत गौरीहरापुढे बसली. विनायकनं तिला बोहल्यावर आणलं आणि अंतरपाट दूर होईपर्यंत तो तिच्या मागे इतका ताठ उभा होता की फोटोवाल्यानं त्याला दोनदा सांगितलं, काका, श्वास घ्या. लग्न आटोपल्यावर मी आणि शैलाताई दोघी पाड्यावर गेलो. आधी सांगितल्याप्रमाणे साडी परत द्यायला. ताईंनी बरोबर नारळ आणि खण घेतला होता. सुमनताईंची ओटी त्यांनीच भरली. मग दोघी ओट्यावर बसून कुठल्या साडीला कसं नेसायचं यावर इतकं बोलल्या की दुधाचा टेम्पो निघून गेला आणि आम्हाला परतायला जीप शोधावी लागली.

पेज अजून आहे. बऱ्यापैकी चालतं. फक्त आता बायका साड्या आणतात तेव्हा मी आधी विचारते, "दिली कुणी होती? आठव बरं." एखादी आठवता आठवता साडी पिशवीत परत घालते. तिचा चहा पिऊन होतो आणि ती जाते. पिशव्यांच्या दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "दीदी, ऐसे धंदा नहीं होता." त्याचंही खरं आहे.

आज दुपारी ताईंचा फोन आला. "आली का गं सुमनची टोपली?"

"आली."

"माझी वाटणी काढ. विनूला सगळी खाऊ देऊ नको. आणि टोपली रिकामी पाठवू नको."

मला ते सांगायची गरज नव्हती. गेल्या आठवड्यात मी उल्हासनगरला दुकानाबाहेर उभं राहून, आत दुकानदार ओरडत असताना, उन्हात धरून एक साडी घेतली. मोरपंखी. धंद्याची नाही, आहेराची नाही, माझ्यासाठी. अजून नेसलेली नाही. जांभळं मी पातेल्यात ओतली, टोपली पुसली, हात दोनदा साबणानं धुतले आणि ती साडी टोपलीत ठेवली. वर पानं घातली, सुतळी बांधली. सुमनताईंना आवाजात निरोप पाठवला की घडी मोडून द्या. महिनाभरानं परत येईल तेव्हा तिला चुलीच्या धुराचा वास येत असेल. मी ती न धुता नेसणार आहे.